शेरा : अडखळला

दाराआड चार पुरुष भांडत होते आणि मी जिन्यात उभी होते.

भांडण एका स्टुलावरून होतं. एक घोगरा म्हातारा म्हणत होता, स्टूल मी ठेवलं तिथे नाही. एक पोलिसी आवाज त्याला "पुरावा आणा, पुरावा" म्हणून दटावत होता. तिसरा रडवेला, आणि चौथा नुसताच "अहो जाऊ द्या, जाऊ द्या" करणारा. नोकरीचा पहिला दिवस, कडक इस्त्रीचे कपडे, हातातली छत्री टपटप गळतेय… अशा वेळी चार अनोळखी पुरुषांच्या भांडणात शिरणं बरं दिसत नाही. म्हणून भल्या घरच्या मुलीसारखी मी दहा मिनिटं वाट पाहिली.

मग दार उघडलं. आत एकच माणूस. सडपातळ, चष्मा, बोटाला शाई, आणि काखेत ते स्टूल.

"बाकीचे?" मी विचारलं.

"जेवायला गेले," तो घोगऱ्या म्हाताऱ्याच्या आवाजात म्हणाला आणि चष्म्याआडून असा काही हसला, की माझी छत्री पुन्हा उघडली. आपोआप. घरात.

माणसं जोखायची मला लहानपणापासून खोड. कोण किती वेळा घड्याळ बघतो, कोण "बघू" म्हणतो आणि कधीच बघत नाही, कोण निरोप घेऊन झाल्यावर दारात अर्धा तास उभा राहतो… मनात सगळ्यांचे रकाने पाडलेले. पण या माणसाच्या बाबतीत पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. रकाना एक पाडायचा की चार?

ही गोष्ट अठ्ठावीस वर्षांपूर्वीची. परक्या भाषेतले सिनेमे आमच्याकडे यायचे आणि आम्ही त्यांना आपलं बोलायला शिकवून परत पाठवायचो. डबिंगचा स्टुडिओ म्हणायचा एवढंच. दुसरा मजला, वर पत्रा, भिंतींना जुन्या रजया ठोकलेल्या. ध्वनिमुद्रण करायचे मास्तर. साठीचे, डाव्या कानात कायम कापसाचा बोळा. "एकच कान पुरे," ते म्हणायचे, "दुसऱ्याने लोक फक्त तक्रारी ऐकतात."

माझं काम वहीचं. एकेक वाक्य चार-पाच वेळा म्हणून घेतात, त्या प्रत्येक प्रयत्नाला टेक म्हणतात. टेकचा क्रमांक लिहायचा, पुढे शेरा द्यायचा, आणि जो टेक चांगला त्याच्यापुढे बरोबरची खूण करायची. मास्तर पुढे ती खूण बघूनच सिनेमा जोडायचे. त्यामुळे माझी पेन्सिल म्हणजे शेवटचा शब्द. शेरे असे : पान वाजलं. पोट बोललं. पाऊस. हसू.

"या वहीत आमची सगळी पापं लिहिली जाणार," तो पहिल्याच दुपारी वही उलटसुलट करत म्हणाला. आवाज मंत्र्याचा. "म्हणजे तुम्ही चित्रगुप्त."

"आणि तुम्ही?"

"आम्ही नाना जण."

"मग तुम्हाला मंडळी म्हणते. काय मंडळी, जेवलात का?"

मास्तर काचेपलीकडून माइकवर खाकरले. "आमच्या वेळी मंडळी म्हणजे बायको बरं का."

दोघांनीही एकदम मान खाली घातली. मी वहीत, त्याने स्टुलात.

त्या पावसाळ्यात धुळीचा सिनेमा आला. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, आम्ही सगळे त्याला धुळीचा सिनेमाच म्हणायचो. दूरच्या एका ग्रहावर एक केंद्र आहे. आठ पुरुष आणि एक बाई, डॉक्टर. बाहेर लाल धुळीचं वादळ सुटतं, सगळे आपापल्या खोलीत कोंडले जातात, बोलणं फक्त भिंतीतल्या स्पीकरवरून. आणि वादळात काहीतरी असतं. दिसत नाही, पण ऐकत असतं. आधी ते वाऱ्यासारखं घोंघावतं. मग एके दिवशी दारावर थाप पडते आणि ओळखीचा आवाज म्हणतो, "दार उघडा, मीच आहे."

जो उघडतो, तो उरत नाही.

झालं. कोणाचा कोणावर भरवसा राहत नाही. बारा-बारा वर्षांचे मित्र भिंतीला कान लावून एकमेकांची परीक्षा घेऊ लागतात. शेवटी डॉक्टर एक कसोटी शोधून काढते. ते बाहेरचं जे आहे, ते ऐकलेलं अगदी तसंच्या तसं म्हणतं. कितीही वेळा म्हणू दे, श्वासाचाही फरक नाही. माणसाला एक वाक्य दोनदा सारखं म्हणता येत नाही. म्हणून दारावर थाप पडली की ती म्हणते, "पुन्हा बोला."

डॉक्टरचा आवाज मी दिला. म्हणजे द्यावा लागला. आधीची बाई लग्न होऊन गेली होती. मास्तर म्हणाले, "बाईचा आवाज आहे ना तुझा? मग झालं." आणि आठही पुरुष? आठही एकटा तोच. मालकांना दुसरा माणूस परवडत नव्हता आणि त्याला दुसरा माणूस लागत नव्हता. सोमवारी सकाळी त्याने स्वतःवर संशय घेतला, दुपारी स्वतःला कोंडलं, आणि मंगळवारी स्वतःच्याच मरणावर असा हुंदका दिला, की मास्तरांनी कापूस काढून डोळे पुसले.

एक माइक, दोघं जण. खांद्याला खांदा लागेल न लागेल एवढंच अंतर. टेक चालू असताना पंखा बंद, म्हणून त्याच्या कानशिलावरून घामाचा एक थेंब निघायचा आणि माझं लक्ष वाक्यावरून त्या थेंबावर जायचं. कुठपर्यंत जातोय, कॉलरपाशी थांबतोय का… चपला बाहेर. कागदाचं पान उलटायचं तर झोपलेल्या बाळाचा हात बाजूला करावा तसं. माझं पान तोच उलटायचा. मी कधी सांगितलं नव्हतं.

"तुमचं वाक्यात लक्ष नाही," तो एकदा कुजबुजला. केंद्रातल्या थट्टेखोर स्वयंपाक्याच्या आवाजात.

"स्वयंपाक्यांनी भांड्यात लक्ष द्यावं."

"भांडी घासून झाली. डॉक्टरांचा आज काय बेत?"

"तुम्हाला ठार मारायचा. पान सत्तेचाळीस."

"चालेल," तो म्हणाला. "जवळूनच मारणार ना?"

मी लिहिलं : टेक ३, हसू. कोणाचं ते लिहिलं नाही.

बुधवारी दुपारी पावसाने पत्र्यावर असा ताशा धरला की काम थांबवावं लागलं. मास्तर खाली गेले. आम्ही दोघं अंधुक खोलीत, स्टूल एकच, म्हणून दोघंही जमिनीवर.

"मंडळी, एक विचारू?"

"आठांपैकी कोणाला?" केंद्राच्या कॅप्टनचा आवाज. शांत, खोल.

"नवव्याला."

त्याने बोटांवर मोजून बघितलं.

"ज्याचं पोट काल दोनदा बोललं, त्याला," मी म्हणाले. "त्याचा आवाज मी अजून ऐकलेला नाही. चार महिने झाले. मंत्री झाले, पोलीस झाले, एक बोकडसुद्धा झाला… तुमचा कोणता?"

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हं," तो म्हणाला.

तेव्हा मला लक्षात आलं, कोणाच्याच आवाजात नसतो तेव्हा हा माणूस एवढंच बोलतो. हं.

मग मीच सांगून टाकलं. "ताईचं पत्र आलंय. ती असते तिथे विमा कचेरीत जागा आहे. कायमची. राहायला तिच्याकडेच. तिने साहेबांकडे शब्द टाकलाय. शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय."

पाऊस. पत्रा. त्याच्या बोटांत पेन्सिल गोल फिरली, थांबली. ओठ उघडले… आणि रेडिओवरचा निवेदक बोलू लागला. "श्रोतेहो, एक महत्त्वाची बातमी. चित्रगुप्तांनी बदलीसाठी अर्ज केला असून पापी जनतेत आनंदाचं वातावरण आहे."

मी हसले. हसण्यासारखंच होतं ते. पण हसून झाल्यावर आलेला चहा मी तसाच गार होऊ दिला.

गुरुवारी कॅप्टनचं ते वाक्य आलं : "डॉक्टर, इथे माझा विश्वास फक्त तुमच्यावर आहे." म्हणताना त्याने पडद्याकडे बघायचं असतं. त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या हातावर काटा आला. मी शेरा लिहायलाच विसरले, मास्तरांनी काचेवर टकटक केलं.

अर्ध्या तासाने मी जिना उतरत होते. खाली शिंप्याच्या दुकानात तो उभा. आणि त्याच आवाजात, तेवढ्याच ओलाव्याने शिंप्याला म्हणत होता, "इथे माझा विश्वास फक्त तुमच्यावर आहे… तेवढं आमचं स्टूल परत करा." शिंपी खो खो हसत होता.

मी जिन्यातच थांबले. सिनेमातल्या त्या खोल्यांतली भीती मला त्या पायरीवर कळली. आवाज तोच. ओलावा तोच. श्वासाचाही फरक नाही. मग माझ्या वाट्याला आलं ते कोणाचं होतं? त्या आठांच्या पलीकडे कोणी राहतं तरी का, की नुसतीच वाऱ्याने वाजणारी रिकामी खोली? माझ्या आत जे एक दार जरासं किलकिलं झालं होतं ना, ते मी आतून लावून घेतलं. घरी गेल्यावर ताईला पत्र लिहिलं. येते. पाकीट बंद केलं आणि पर्समध्ये ठेवलं. टाकायचं होतं, पण रस्त्यात पेटी दिसली तेव्हा पाऊस जोरात होता. असं मी स्वतःला सांगितलं.

शुक्रवार, शेवटचा दिवस. शेवटचा प्रसंग दुपारी घ्यायचा होता. सकाळी मास्तर म्हणाले, "वितरकाला कळवायचंय, कोणाचे किती टेक वाया गेले. वहीतून काढ जरा."

मी काढत बसले. त्याची चारशेच्या वर वाक्यं. बहुतेक सगळी पहिल्याच टेकमध्ये पास. मेकॅनिक, स्वयंपाकी, भूगर्भतज्ज्ञ… नुसत्या बरोबरच्या खुणा. माणूस नाही, यंत्र. पण मध्ये मध्ये माझ्याच अक्षरात एक शेरा. अडखळला. पुन्हा चार पानांनी, अडखळला. लिहिताना मी सरावाने लिहीत गेले होते, एकत्र करून कधी बघितलेच नव्हते. बोट ठेवून मोजले. अकरा.

अकराच्या अकरा कॅप्टनचे. अकराच्या अकरा डॉक्टरशी बोलताना.

मग मी मागची दोन पानं उलटली. आदल्या आठवड्यात दोन दिवस मला ताप होता. त्या दिवसांची वही मास्तरांनी लिहिली होती आणि डॉक्टरशी बोलायची वाक्यं त्याने एकट्यानेच म्हटली होती. सगळी पहिल्या टेकमध्ये पास.

"मास्तर," मी विचारलं, "हा आधीपासून अडखळतो?"

"कोण, हा? नऊ वर्षांत एकदा नाही." मास्तरांनी चहाचा घोट घेतला. "म्हणजे दुसऱ्याच्या आवाजात नाही. स्वतःच्या आवाजात… तुला ठाऊक नाही? पहिल्यांदा आला तेव्हा स्वतःचं नाव सांगायला अर्धा मिनिट लागलं त्याला. अक्षर जिभेवर येऊन बसायचं, उठायचंच नाही. मी म्हटलं, कशाला आलास रे बाबा इथे? तर माझ्याच आवाजात मला म्हणाला, 'कशाला आलास रे बाबा इथे?' एकही अक्षर अडलं नाही. तेव्हापासून आपला आवाज तो घरी ठेवून येतो."

मी वही मिटली. पुन्हा उघडली. अकरा वेळा तो माणूस आपला आवाज सोबत घेऊन आला होता, आणि मी अकरा वेळा त्याला नापास केलं होतं.

दुपारी लाल दिवा लागला. शेवटचा प्रसंग असा. सगळे संपलेत. केंद्राच्या आत डॉक्टर, बाहेर कॅप्टन, मध्ये दार. मागच्या बाजूला एक यान तयार आहे, ती एकटी निघून जाऊ शकते. कॅप्टन म्हणतो, "डॉक्टर, मीच आहे. जाऊ नका." ती म्हणते, "पुन्हा बोला." तो पुन्हा म्हणतो. तिचा हात दाराच्या दांडीकडे जातो आणि सिनेमा संपतो. कॅप्टनच्या डोक्यावर शिरस्त्राण, काचेवर धूळ. ओठ दिसतच नाहीत. आमच्या धंद्यात याहून सोपा प्रसंग नाही. ओठ दिसत नसले की काहीही बसतं.

पहिले पाच टेक पावसाने आणि खालच्या शिलाई मशीनने खाल्ले. सहावा स्वच्छ आला. कॅप्टन पहिल्यांदा बोलला, मी "पुन्हा बोला" म्हटलं, तो दुसऱ्यांदा बोलला.

"झकास!" मास्तर म्हणाले. "चला, आवरा."

"नाही," मी म्हणाले. "दोन्ही वेळा तंतोतंत सारखं आलंय."

"मग? हीच तर याची कला!"

"मास्तर, दोन्ही सारखं आलं तर हा कॅप्टन नाही. बाहेरचं ते आहे. मग डॉक्टर दार कशाला उघडेल? ती यानात बसून जाईल."

मास्तरांनी कापूस काढून बघितला, पुन्हा घातला. "च्यायला," ते म्हणाले. "खरंय की."

तो माझ्याकडे वळला होता. पंखा बंद. कानशिलावर तो थेंब.

"कसं म्हणू मग?" त्याने विचारलं, कॅप्टनच्याच आवाजात.

"ते मला काय विचारता, मंडळी? माझी तर बॅगही भरून झालीय." मी पर्समधलं पाकीट काढलं आणि कागदांच्या स्टँडवर, त्याच्या नजरेसमोर ठेवलं. ताईचा पत्ता वर. "दार उघडावं असं वाटलं पाहिजे, एवढंच."

त्याने पाकीट वाचलं. मग चष्मा काढला. समोरचा संवादाचा कागद काढून घेतला आणि झोपलेल्या बाळाचा हात बाजूला करावा तसा खाली ठेवला.

लाल दिवा.

"चि…" तो म्हणाला. "चि… चित्रगुप्त. मी… म… मीच आहे."

हा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. कॅप्टनपेक्षा पातळ, जरासा कोरडा, शाळेतल्या मागच्या बाकावरून येतो तसा. खोलीतल्या सगळ्या रजया कान देऊन ऐकत होत्या.

"जा… जाऊ नकोस."

तुम्ही नाही. तू.

माझी ओळ होती दोन शब्दांची. ती म्हणायला मला जो वेळ लागला, तो पुढे लोकांना फार आवडला म्हणतात. डॉक्टर काय विचार करते कळतं, वगैरे.

"पुन्हा… बोला."

"चित्रगुप्त," तो म्हणाला. या वेळी नाव एकदम आलं, पण पुढचं अडकलं, अडकून राहिलं, आणि त्याने ते सोडून दिलं नाही. "ज… ज… जाऊ नकोस."

लाल दिवा विझला. पाऊस थांबला होता, त्यामुळे फारच शांत होतं.

"अरे काय हे!" मास्तर. "नाव चुकलं, 'जाऊ नका'चं 'नकोस' झालं, आणि वर चार ठिकाणी अडखळला. आठवा घ्या!"

मी पेन्सिलला टोक केलं. हळूच. लिहिलं : टेक ७. शेरा : अडखळला. आणि त्याच्यापुढे बरोबरची खूण केली. इतकी ठळक की मागच्या पानावर उमटली.

"आठवा नको," मी म्हणाले. "सातवा घ्यायचा."

"तुझा कान ठीक आहे ना पोरी?"

"माझा ठीक आहे. तुम्ही तुमच्या कापसाचं बघा."

मास्तरांनी काचेतून माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग छताकडे. "वहीत लिहिलंय ना? मग मला काय," ते पुटपुटले आणि उगाचच टेपची रिळं आवरायला लागले. ते पाकीट मी स्टँडवरून उचललं आणि त्याचे चार तुकडे केले. मास्तर ओरडले, "कागद वाजवू नका रे!" टेप तर केव्हाची बंद होती.

वितरकाचा माणूस नंतर तक्रार घेऊन आलाच. परग्रहावर चित्रगुप्त कुठून आला? मास्तरांनी सरळ सांगितलं, डॉक्टरचं लाडाचं नाव आहे, मूळ सिनेमात कापलं होतं, आम्ही परत घातलं. ताईने सहा महिने पत्र लिहिलं नाही. सातव्या महिन्यात एकच ओळ आली : "तो बोलतो तरी का नीट?" मी उत्तर दिलं : "नाही."

स्टुडिओ आता नाही. पत्रा गेला, शिंपी गेला, मास्तरही गेले. धुळीचा तो सिनेमा आपल्या भाषेत आता कुठे मिळत नाही म्हणतात. वही माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावरची खूण अजून मागून बोटाला लागते.

पण तो सिनेमा लागला त्या पहिल्या दिवसाचं सांगायचं राहिलं. दुपारचा खेळ, थिएटर निम्मं भरलेलं, आम्ही दोघं मागून तिसऱ्या रांगेत. शेवटचा प्रसंग आला. पडद्यावर धूळ, काच, दार. आणि अंधारात त्याचा तो स्वतःचा, घरी ठेवून यायचा आवाज. चि… चित्रगुप्त. मला वाटलं, आता हसतील. त्यालाही वाटलं असावं, कारण त्याने खुर्चीचा हात गच्च धरला. खुर्चीचा म्हणजे, त्यावर आधी माझा होता.

कोणीच हसलं नाही. पुढच्या रांगेतली एक बाई नवऱ्याला कुजबुजली, "उघड म्हणावं दार. हा माणूसच आहे."

"कशावरून?"

"अडखळला की."

दिवे लागले. लोक उठले. आम्ही उठलो नाही. तो माझ्याकडे वळला, आणि कोणाचाच आवाज मध्ये न आणता म्हणाला, "तू… र… राहिलीस."

"पुन्हा बोला," मी म्हणाले.

तो पुन्हा म्हणाला. सारखं आलं नाही.